खिडकीजवळची भिंत

माझ्या ताईचा नवरा चित्रकार होता. होता म्हणजे माणूस आहे अजून, चांगला ठणठणीत आहे. चित्रकार होता. हे सांगितलं की लोक विचारतात, काय काढायचे? मी म्हणते, लोकांच्या खोल्या. मग समोरचा नाक वाकडं करून म्हणतो, खोल्या काय काढायच्या, त्या तर असतातच. माझं शिवणाचं दुकान आहे, दिवसभर माणसांची मापं घेते, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते मला झटकन कळतं. असल्या माणसाला मी पुढे काही सांगत बसत नाही, कपडे कधी हवेत तेवढं विचारते. तुम्ही बसलात, चहा घेतलात, आणि घाईत दिसत नाही, म्हणून सांगते.

भावजी मूळचे पडदेवाले. फोटो स्टुडिओत आपल्या पाठीमागे रंगवलेला पडदा असायचा ना, ते पडदे त्यांच्या हातचे. संगमरवरी जिना, कारंजं, बाग, लांब डोंगर. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे लग्नाचे फोटो त्या एकाच जिन्यावर काढलेले आहेत. माझासुद्धा. माझा नवरा कठड्यावर असा हात टाकून उभा आहे, जणू वरचा महाल त्याच्याच नावावर आहे. राहायचो आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत, आणि तिथे कठडा सोडाच, हात टाकायला जागा नव्हती. त्या फोटोवरून मी त्याला जन्मभर चिडवलं, आणि तो गेल्यावर तोच फोटो भिंतीवर लावला.

पुढे ते पडदे गेले. संगणकावर हवा तो महाल मागे लावता यायला लागला, मग रंगवलेला जिना कोण घेतो? पडदे गुंडाळून माळ्यावर गेले आणि भावजी घरी बसले. घरी बसले म्हणजे खिडकीजवळ त्यांची एक लाकडी हातांची खुर्ची होती, तिच्यात बसले. शेजारी पत्र्याच्या डब्यात ब्रश, खाली रंगाच्या ट्यूबा, आणि सगळ्या घरात टर्पेंटाइनचा वास. ताईने त्यावरून कधी कुरकुर केली नाही. ताई मुळात कुरकुर करणारी नाहीच. आमच्या घरातला तो सगळा साठा माझ्या वाट्याला आला.

मग आमच्या गल्लीतल्या न्हाव्याचं दुकान सुटायची वेळ आली. मालकाला जागा परत हवी होती. न्हावी भावजींकडे आला आणि म्हणाला, "पडदेवाले, मला एक पडदा करून द्या. बाग नको, जिना नको. माझं दुकान काढा." भावजी खूश. गेले, मोजमापं घेतली, कात्र्या कुठे, पावडरचा डबा कुठे, आरशाचा उडालेला कोपरा, सगळं हुबेहूब उतरवलं. कापड मीच जोडून दिलं होतं, त्यामुळे दाखवताना मीही हजर. न्हाव्याने खूप वेळ बघितलं. म्हणाला, "झकास झालंय. पण हे माझं दुकान नाही."

भावजींचा पारा चढला. तसा तो माणूस रागावणारा नव्हे, पण हाताच्या कामाला कुणी नावं ठेवली की सहन व्हायचं नाही. म्हणाले, "बरं. मग बस खुर्चीत, डोळे मीट आणि तूच सांग तुझं दुकान कसं आहे ते." न्हावी स्वतःच्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि सांगायला लागला. आरसा मोठा, पार छतापर्यंत. खुर्ची लालभडक. एका बाजूला वडील उभे, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा लावताहेत, आणि वस्तऱ्याचा आवाज येतोय. आता बघा, आरसा होता ताटाएवढा. खुर्चीचा लाल रंग कधीच विटून तपकिरी झाला होता. आणि वडील जाऊन किती वर्षं झाली ते न्हाव्यालाच ठाऊक. रस्त्याचं तर त्याने नावच घेतलं नाही, आणि तो माणूस दिवसभर रस्त्याकडेच बघत बसलेला असायचा.

भावजींनी तसंच काढलं. छतापर्यंत आरसा काढला, लाल खुर्ची काढली, वडील काढले. दाराबाहेर रस्त्याच्या जागी नुसता सपाट रंग. न्हावी आला, बघितलं, आणि ओल्या रंगावर बोट टेकवून एकच शब्द बोलला. "हेच."

त्या एका शब्दाने भावजींना वेड लावलं. त्यांनी तेव्हापासून कामाची रीतच ठरवून टाकली. माणसाने आपल्या जागेत बसायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं. सांगेल ते, सांगेल तसं काढायचं. जे सांगितलं नाही ते काढायचं नाही, तिथे कोरी भिंत. मध्ये काही विचारायचं नाही, आठवण करून द्यायची नाही. आणि चित्र झालं की त्या माणसाने बघून 'हेच' म्हटलं तरच ते पुरं झालं. 'हे नाही' म्हटलं की पुन्हा बसायचं, पुन्हा ऐकायचं, चूक सापडेपर्यंत पुसायचं आणि काढायचं. मी म्हणायची, भावजी, माझ्या गिऱ्हाइकांना ही सवय लावू नका, जन्मभर उसवतच बसेन मी.

त्यानंतर आमची खोल्यांची अख्खी ओळ पाडायची ठरली. पूल यायचा होता वरून. सगळ्यांना गावाबाहेर उंच इमारतींत घरं मिळणार होती, नळ घरात, संडास घरात, लिफ्ट. ज्या खोल्यांना आम्ही उठता बसता शिव्या घातल्या, गळकं छप्पर, उंदीर, पाण्यावरून भांडणं, त्या सोडायच्या म्हटल्यावर लोकांचा पाय निघेना. आणि मग एकेक जण भावजींकडे यायला लागला.

कुलपं दुरुस्त करणारे दोघे भाऊ होते, एकाच खोलीत मध्ये कपाट लावून राहायचे, एकमेकांशी बोलायचे नाहीत. दोघांनी वेगवेगळं चित्र सांगितलं. थोरल्याच्या चित्रात कपाट एवढं की त्याच्यापुढे खोली म्हणजे फट. धाकट्याच्या चित्रात कपाटच नाही. लख्ख मोकळी खोली आणि दोघे भाऊ लहान, एका पांघरुणात. भावजींनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी वाळत ठेवली होती. थोरला आपलं न्यायला आला आणि धाकट्याचं बघून तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, माझं पुसा. तेवढं एक चित्र पुसताना मी भावजींना हसताना बघितलं.

आणि खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई. वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेली बाई. तिने सांगितलं ते दारातून सांगितलं, पाळीहून परतल्यासारखं, चपला हातात धरून, दिवा न लावता. पलंगाची कड, आणि चादरीतून बाहेर आलेला एक छोटा पाय. बस. भावजींनी सगळं कापड जवळजवळ काळं केलं आणि त्यात तो पाय काढला. त्या पायाच्या मालकाला आता मिशा आहेत आणि तो आईला फोन करत नाही. नर्सबाईंनी 'हेच' म्हटलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. त्यांना मी आधी कधी बसलेलंसुद्धा पाहिलं नव्हतं.

भावजी ऐकायचे कसे, ते सांगायला हवं. माणूस बोलत असला की ते नुसते बसायचे. मान हलवायचे नाहीत, हं हं करायचे नाहीत, घड्याळाकडे बघायचे नाहीत. पण तुम्ही जे सांगताय ते त्यांच्या पोटात जातंय असं वाटायचं. तसं माझं आयुष्यात कुणी ऐकलं नाही. माझ्या नवऱ्याने नाही, मुलांनी तर नाहीच नाही. लोक उठताना म्हणायचे, तुमच्याशी बोलून बरं वाटलं. अहो, भावजी एक शब्द बोललेले नसायचे.

आणि घरी? घरी ताई म्हणायची, गॅस संपत आलाय. मग म्हणायची, अहो, गॅस संपत आलाय. मग गॅस संपायचा. मुलीचा ताप, पाहुणे, तिच्या पायाला आलेली सूज, सगळ्याची तीच गत. भावजी खिडकीजवळ, डोळे बाहेर, मनात कुणाची तरी खोली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी ताईला म्हणायची, तू एकदा ओरड तरी. ती म्हणायची, "कशाला? वाईट आहेत का ते? दारू नाही, मारझोड नाही, टाकून बोलणं नाही." खरं होतं. भावजी भले माणूस. भल्या माणसाशी भांडायचं कशावरून, हाच तिचा प्रश्न होता.

ओळ निम्मी रिकामी झाली तेव्हा एका दुपारी भावजी माझ्या दुकानात आले आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. म्हणाले, "धाकटे, मी आज डोळे मिटून बसलो होतो. आपली खोली बघायला."

"मग?"

"काही दिसलं नाही."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण चेहरा पडलेला होता. म्हणाले, "न्हाव्याचं दुकान दिसतं. नर्सबाईंचं घर दिसतं. कुलूपवाल्यांचं कपाटाच्या आतलंसुद्धा दिसतं. आपलं दिसत नाही. खिडकी दिसते, तीही बाहेर बघताना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

 मी मशीनला तेल घालत बसले.

"तिला दिसेल," ते म्हणाले. "ती त्या खोलीत जगलीय. ती सांगेल, मी काढीन. माझं घर तिच्या डोळ्यांत तरी असेलच ना? आणि घर असेल तर मीही असेन कुठेतरी. मला बघायचंय गं, मी कुठे होतो ते."

झालं. तेव्हापासून त्यांनी ताईच्या मागे टुमणं लावलं. माझ्याकडून चांगलं रुंद कापड जोडून घेतलं, चौकटीवर ताणलं, पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि खोलीच्या मधोमध टेबलाला टेकवून ठेवलं. ताई जायची यायची ती त्याला वळसा घालून. एकदा तिने त्यावर ओला टॉवेल वाळत घातला. भावजी रोज म्हणायचे, "बसतेस का जरा?" ती म्हणायची, "मला कामं आहेत." सामान बांधायचं होतं, खोटं नव्हतं ते. पण मी तिची बहीण आहे. कामाच्या आड लपलेली ताई मला ओळखू येते.

शेवटी एकदा पंखासुद्धा काढून झाला. भांडी खोक्यात, गाद्या गुंडाळलेल्या. मी दारात बसून नव्या घराचे पडदे टाचत होते. भावजी खिडकीजवळ त्यांच्या खुर्चीत, कारण खुर्ची सगळ्यात शेवटी न्यायची होती. ताई गुंडाळलेल्या गादीवर बसली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "विचारा काय विचारायचंय ते."

"मी विचारत नसतो," भावजी म्हणाले. "तू सांग."

तिने डोळे मिटले.  मग सुरुवात केली ती नळापासून. नळाला चिंधी बांधलीय, थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून, चिंधी निळी आहे. ओटा लांबच लांब आहे, ओट्याच्या खाली गार सावली आहे. तिथली एक फरशी हलते, तिच्यावर पाय पडला की ती टक् करून बोलते. दुपारी वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक तुकडा येतो, आधी डब्यांवर, मग जमिनीवर, आणि तो जमिनीवर आला की मी आडवी होते. माझी मुलगी टेबलाखाली बसून पेन्सिल चावतेय. तिची वेणी सुटलीय. कपाटावर रेडिओ आहे, बारीक लावलाय. शेजारचं मांजर आलंय आणि पिठाच्या डब्यावर बसलंय, त्याला मी हाकलत नाही. दारात माझी बहीण बसलीय. तोंडात टाचण्या धरलेल्या आहेत आणि तरी बोलतेच आहे.

मला हसू आलं, आणि तोंडात खरंच टाचण्या होत्या म्हणून हसता येईना. ताईचा चेहरा असा मोकळा झाला होता. लग्नाआधी ती अशी दिसायची. एवढं सगळं तिच्यात होतं आणि मी रोज तिच्या दारात बसून मला त्यातलं काही माहीत नव्हतं. भावजी नेहमीसारखे ऐकत होते, हलत नव्हते. त्यांनी ताईचं बोलणं असं ऐकलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"झालं," ताई म्हणाली. पण डोळे मिटलेलेच होते.

तिथे भावजींनी थांबायला हवं होतं. त्यांचीच रीत. आजवर त्यांनी कुणाला मध्ये एक प्रश्न केला नव्हता, न्हाव्याला रस्त्याचं विचारलं नाही, धाकट्या भावाला कपाटाचं विचारलं नाही. पण माणसाला कधी कधी हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं असतं. ते हळूच म्हणाले, "आणि खिडकीजवळ?"

ताईने डोळे न उघडता मान खिडकीकडे वळवली. अगदी नीट बघत असल्यासारखी. 

"खिडकीजवळ भिंत आहे," ती म्हणाली.

"भिंत. आणि?"

"भिंतच. रंग उडालाय थोडा. खाली ओल आलीय."

भावजी त्याच भिंतीला पाठ लावून त्या खुर्चीत बसलेले होते. ताई त्यांच्यापासून हातभर अंतरावर. ताईने डोळे उघडले, समोर त्यांना बघितलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि मग तिला कळलं. ती उठली आणि म्हणाली, "चहा ठेवते." शेगडी सकाळीच नव्या घरी गेली होती.

सामानाबरोबर ताई पुढे गेली. भावजी चार दिवस मागे राहिले, रिकाम्या खोलीत चित्र काढत. मी थर्मासमधून चहा न्यायची. तुम्हाला काय सांगू ते चित्र. निळी चिंधी बघून तहान लागायची. तो उन्हाचा तुकडा, मुलीची सुटलेली वेणी, मांजर असं माजोरी बसलेलं की हाकलावंसं वाटावं, आणि दारात मी, माझ्याच तोऱ्यात. सगळं दुसऱ्याच दिवशी काढून झालं. बाकीचे दिवस भावजी भिंत काढत होते. उडालेला रंग, खालची ओल. ब्रश घेऊन जवळ जायचे, मागे यायचे, पुन्हा जवळ जायचे. आपण नाही आहोत ती जागा इतक्या मायेने रंगवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मला ते बघवेना. मी म्हणाले, "भावजी, एक खुर्ची काढा की. कोण बघतंय? तोंड नका काढू. नुसती पाठ काढा."

"सांगितलेलं नाही."

"अहो, तुम्ही होतात ना तिथे? मी साक्षीला आहे. रोज बघायची मी तुम्हाला."

"वडील तरी कुठे होते न्हाव्याच्या दुकानात?" ते म्हणाले. "आणि रस्ता होता. लोकांना एक न्याय आणि मला एक, असं कसं करू?" मग ब्रश पुसत माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती बघेल ना. बघितल्यावर तिच्या लक्षात येईल. म्हणेल, हे नाही, काहीतरी राहिलंय. पहिल्यांदा लोकांचं राहतंच. मग ती सांगेल आणि मी काढीन."

जन्मभर हा माणूस 'हेच' ऐकायला जीव टाकत आला. आणि आता 'हे नाही' ऐकण्यासाठी अडून बसला होता. मी थर्मास उचलला आणि निघाले. 

तडक ताईच्या नव्या घरी गेले. तिला म्हणाले, "ताई, तुला फक्त दोन शब्द बोलायचे आहेत. चित्र आणतील, तू म्हण, हे नाही. म्हण, इथे खुर्ची होती, खुर्चीत तुम्ही होता. संपलं."

ती खोक्यातले कप काढत होती. म्हणाली, "मी मुद्दाम नाही केलं गं."

"मला माहितीये."

"नाही, तुला नाही माहीत. मी शोधलं त्यांना. त्यांनी विचारलं ना, तेव्हा सगळीकडे शोधलं. खिडकीपाशी बघितलं, ओट्यापाशी बघितलं, दारात बघितलं. पलंगावरसुद्धा बघितलं. म्हटलं कुठेतरी असतील. मांजर सापडलं मला, आणि ते नाही सापडले." कप तसाच हातात. "रागही नाहीये माझा. राग असता तर तिथे काहीतरी दिसलं असतं."

मी रागात बोलले, मला दुसरं येतच नाही. म्हणाले, "मग खोटं बोल. एवढ्या वर्षांत नवऱ्याशी एकदा खोटं बोललीस तर आभाळ कोसळणार नाही."

"रोजच बोलत आले," ताई म्हणाली. "काय झालंय विचारलं की काही नाही म्हणायची मी, ते काय होतं मग?" मग तिने कप ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं. म्हणते. बोलेन खोटं. ते म्हातारे झालेत आता." आणि आम्ही दोघींनी काय बोलायचं ते ठरवलंसुद्धा. इथे खुर्ची होती, ब्रशचा डबा होता, टर्पेंटाइनचा वास होता. तिने माझ्यासमोर म्हणून दाखवलं, शाळेतल्या पोरीसारखं.

भावजींनी चित्र आणलं. चादरीत गुंडाळून, टेम्पोत स्वतः धरून बसून. नव्या घराच्या मोकळ्या भिंतीला टेकवलं, चादर काढली आणि बाजूला उभे राहिले, अगदी परीक्षेला बसल्यासारखे. मी ताईच्या मागे उभी. तिच्या पाठीला मी हळूच बोट टोचलं, बोल.

ताई चित्राकडे बघत होती. जवळ गेली. निळ्या चिंधीपाशी गेली. मांजराकडे बघून हसली. मुलीच्या वेणीवरून हात फिरवला, न टेकवता, वरच्या वर. मग जमिनीवरच्या त्या उन्हाकडे बघितलं, आणि ती चक्क खाली बसली, त्या उन्हाच्या समोर, नव्या घराच्या गुळगुळीत फरशीवर. ती मला विसरली, ठरलेलं विसरली. ती इथे नव्हतीच. भिंतीवरून, ओलीवरून, सगळ्यावरून नजर फिरवून ती माझी भोळी बहीण, सुस्कारा टाकून म्हणाली, "हेच. अहो, अगदी हेच."

आणि मग तोंडावर हात ठेवला. पण बोललेला शब्द परत आत घेता आला असता तर आणखी काय हवं होतं.

भावजी म्हणाले, "हं." चादरीची नीट घडी घातली. मला म्हणाले, "कापडाचा जोड कुठे दिसत नाही हं, धाकटे, छान बसलाय." आणि आत जाऊन हात धुतले. त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. लोक येतात अजून. ते सांगतात, नजर गेली. नजर चांगली आहे, पेपरातलं बारीक अक्षर वाचतात.

ताईने नंतर खूप सारवासारव केली. खुर्चीचं सांगायचं राहिलं म्हणाली, डब्याचं राहिलं म्हणाली, पुन्हा काढा म्हणाली. भावजी म्हणाले, "राहू दे. खरं झालंय ते." शांतपणे म्हणाले, चिडून नाही. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून ते ताईचं सगळं ऐकतात. गॅस म्हटलं की उठतात. पाय दुखतो म्हटलं की तेल गरम करून आणतात. ती काही बोलायच्या आत मान वर करून बघतात. बिचारीला त्याची सवय नाही, ती दचकते.

चित्र पुढच्या खोलीत लावलंय. ताई दुपारी काम आटोपलं की त्याच्यासमोर बसते. नव्या घरात लिफ्ट आहे, नळ आहे, आणि ती त्या चित्रात राहते. मी जाते तेव्हा मलाही चित्रातली मीच जास्त बरी वाटते.

भावजींची लाकडी खुर्चीही आहे. ती त्यांनी स्वतः ओढून चित्राखाली ठेवली. नेमकी कुठे, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. परवा गेले, दार उघडंच होतं, आणि दारातून बघितलं तेव्हा कळलं. खुर्ची अशी ठेवलीय की ते ताठ बसले की त्यांचं डोकं आणि खांदे बरोबर त्या कोऱ्या भिंतीच्या पुढे येतात. दारातून बघणाऱ्याला वाटावं, चित्रात खिडकीजवळ एक म्हातारा बसलाय. बसले होते तसेच, पाठ न टेकता, मान अवघडून. किती वेळ बसत असतील कोण जाणे.

ताई आतून हात पुसत आली. तिची दुपारची वेळ झाली होती. समोर पाट घेऊन बसली, आणि मान इकडून तिकडे करून बघायला लागली.

"अहो, जरा सरकता का?" ती म्हणाली. "मला ती भिंत दिसत नाहीये."

भावजी उठले. खुर्ची आवाज होऊ नये म्हणून उचलून बाजूला घेतली, आणि तिला नीट दिसतंय ना ते बघून मग बसले.